पहिल्या दोन कथांनंतरची पाच वर्षं : ऑक्टाव्हिया बटलर यांचं प्रकरण, लातुरातून वाचलेलं

वय तेविशीचं. दोन कथा विकल्या गेल्यात. एक १९७१ मध्ये एका संग्रहात छापून आली. दुसरी ज्या संग्रहासाठी घेतली तो वर्षानुवर्षं निघालाच नाही. वडील लहानपणीच गेलेले. आई लोकांच्या घरी झाडू-फरशी करते. हातात दोन वर्षांच्या कॉलेजचा कागद. तिसरी कथा घ्यायला मात्र कुणी तयार नाही, आणि हे असं पाच वर्षं चालतं. लिहायची आहे विज्ञानकथा, आणि तेव्हाच्या अमेरिकेत त्या प्रांतात कृष्णवर्णीय बाई शोधूनही सापडत नाही.

अशा वेळी काय करायचं?

लातुरात आमचा लिहिणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. नाव नाही, नोंदणी नाही. एका अभ्यासिकेच्या मालकानं वरचा हॉल रविवारी दुपारी वापरू दिला म्हणून चाललेला. तिथं आम्ही एखाद्या लेखकाची कारकीर्द प्रकरण म्हणून मांडतो. एका वळणापर्यंत सांगायचं, थांबायचं आणि ‘तुम्ही असता तर?’ असं विचारायचं. वरची गोष्ट अमेरिकी विज्ञानकथालेखिका ऑक्टाव्हिया बटलर यांची. हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नव्हतं, ते पथ्यावरच पडलं. शेवट ठाऊक असला की सगळेच शहाणे होतात.

एमपीएससीची तयारी करणारा एक जण लगेच म्हणाला, “सर, आधी नोकरी पक्की करायची. तिशीनंतर बी लिहिता येतंय की.” तासिका तत्त्वावर मराठी शिकवणाऱ्या मॅडमचं मत, “विज्ञानकथा सोडायची. जे छापतेत ते लिहायचं.” एकानं पुण्याला जायचा सल्ला दिला, आमच्याकडं तो प्रत्येक आजारावर दिला जातो. एसटीत वाहक असलेल्या ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नोकरी कसली बी धरायची, पण डोकं खाणारी नको.”

बटलरांनी नेमकं तेच केलं होतं.

त्या पाच वर्षांचा हिशोब

बटलरांचा जन्म १९४७चा, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचा. वडील बूटपॉलिश करायचे. दहाव्या वर्षी त्यांनी आईच्या मागं लागून टाइपरायटर मिळवला. बाराव्या वर्षी टीव्हीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सुमार सिनेमा पाहिला आणि याहून बरी गोष्ट आपण लिहू, असं मनाशी धरलं. तेराव्या वर्षी मावशीनं प्रेमानंच सांगितलं की आपल्या लोकांना लेखक होता येत नसतं. वाचताना अक्षरं अडखळायची, म्हणजे आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात ते. गाडी त्या कधीच चालवायला शिकल्या नाहीत. लॉस एंजेलिससारख्या मोटारींच्या शहरातही वर्षानुवर्षं सिटी बसनं हिंडल्या.

आईची इच्छा होती की मुलीनं सेक्रेटरी व्हावं, महिन्याला ठरलेला पगार घ्यावा. मुलीनं हंगामी कामं धरली. भांडी धुणं, गोदामातलं काम, फोनवरून माल विकणं, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात खराब वेफर वेचणं. कमी डोकं लागणारं काम त्या मुद्दाम निवडत, कारण पहाटे दोन-तीनला उठून लिहायचं असे. ते डोकं दिवसभराच्या कामात खर्च झालेलं परवडणार नव्हतं.

ही माहिती मी सांगितली तेव्हा एमपीएससीवाल्यानं चांगली हरकत घेतली. “सर, हे ऐकायला भारी आहे. पण वेफर वेचून तिचं भाडं निघत होतं. इथं तसल्या कामात काय निघतंय?” हरकत खरी आहे. त्या कामांत बटलरांचंही जेमतेमच निघत होतं, आणि ती कामं त्यांनी हौसेनं केली नव्हती. पुढं लिहिताना त्यांनी त्यांना भयंकर म्हटलं आहे. गरिबीनं लेखक घडतो हा आपल्याकडचा लाडका समज या प्रकरणातून कुणी काढू नये. गरिबीनं त्यांची बरीच वर्षं खाल्ली. त्यांनी राखले ते पहाटेचे तास, आणि ते राखता यावेत म्हणून पगाराच्या पक्क्या नोकरीवर पाणी सोडलं. हा सौदा प्रत्येकाला जमेल असं नाही. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्यानं तो करूही नये.

वाहक ताईंचं गणित वेगळं निघालं. त्यांच्याकडं मुक्कामी गाडीची ड्यूटी येते तेव्हा रात्री गावात गाडी लागल्यावर हिशोब मिटवला की झोपेपर्यंतचा वेळ त्यांचाच असतो. त्या तेव्हाच लिहितात, तिकिटांच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर. पक्की नोकरी असून राखलेले तास. गटात बटलरांच्या सगळ्यात जवळ कोण, तर त्याच.

आता याच सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट, कारण ती इथं अजून घडते. कारकिर्दीच्या उंबऱ्यावर असताना बटलरांनी एका एजंटाकडं, म्हणजे लेखकांचं लेखन प्रकाशकांना विकून देणाऱ्या मध्यस्थाकडं, कथा पाठवली. कथा वाचायचे पैसे त्यानं आधी मागितले, आणि आईनं ते भरले. महिन्याच्या घरभाड्याहून जास्त रक्कम होती ती. एजंट भुरटा निघाला. कुणी सांगणारं नव्हतं की चांगला एजंट लेखकाकडून आगाऊ पैसे घेत नसतो. हा भाग वाचल्यावर आमच्या हॉलमध्ये जी खसखस पिकली ती समजण्यासारखी होती. ‘इतके भरा, पुस्तक काढतो, वर पुरस्कार आणि शाल-श्रीफळ’ हा प्रस्ताव जिल्ह्यात लिहिणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी आलेला असतो.

कार्यशाळा, आणि जे आपल्याकडं नाही

१९७० मध्ये बटलर पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन कार्यशाळेला गेल्या. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठीची सहा आठवड्यांची निवासी कार्यशाळा, शिकवायला त्या क्षेत्रातले नावाजलेले लेखक. तिथं जायला त्यांना हार्लन एलिसन या लेखक-संपादकानं भाग पाडलं; पटकथा लेखकांच्या संघटनेनं होतकरू लोकांसाठी चालवलेल्या एका मोफत वर्गात त्यांनी बटलरांचं लेखन पाहिलं होतं. सुरुवातीच्या त्या दोन्ही कथा क्लॅरियनमधूनच विकल्या गेल्या.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. बटलरांच्या चिकाटीचं कौतुक सगळे करतात. पण पहाटे उठणारी माणसं मराठवाड्यातही भरपूर आहेत. फरक असा की तिकडं कथा पाठवायला पत्ता होता. मासिकं होती, ती शब्दांमागं पैसे देत. संग्रह काढणारे संपादक होते. नकाराची चिठ्ठी का होईना, यायची. आपल्याकडं विज्ञानकथेला घर दिलं ते मुख्यतः दिवाळी अंकांनी, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेनं. जयंत नारळीकरांची पहिली कथा ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये याच स्पर्धेत पहिली आली. आपलं नाव पाहून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. मोठ्या माणसाचा हा उमदेपणा सुंदरच आहे. पण आमच्या गटाला त्यांचं उदाहरण फार पुरत नाही. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, जगभर नाव झालेलं होतं. कथा परत आली असती तर त्यांचं काही अडणार नव्हतं. कथा परत आली की ज्यांचा महिनाच कोसळतो, त्यांना बटलर जवळच्या वाटतात.

मागच्या दारानं जाणारी आई

१९७६ मध्ये डबलडे प्रकाशनानं त्यांची पहिली कादंबरी काढली, ‘पॅटर्नमास्टर’. मग ७७, ७८, ७९, ८० अशी दर वर्षी एक. यातली १९७८ची ‘सर्व्हायव्हर’ त्यांना स्वतःलाच इतकी नावडली की पुढं ती पुन्हा छापू दिली नाही. मनासारखी होण्याआधीच ती विकली होती, कारण पुढच्या पुस्तकाच्या शोधासाठी मेरीलँडला जायला पैसे हवे होते. एक पुस्तक मोडून दुसरं उभं केलं म्हणा. दुसरं होतं ‘किंड्रेड’, आणि माझ्या मते सगळं प्रकरण या पुस्तकाशी येऊन ठेपतं.

त्याचं बी असं. लहानपणी बटलर कधीकधी आईबरोबर तिच्या कामावर जात. आई मागच्या दारानं आत जाई. घरातले लोक तिच्यासमोरच तिच्याबद्दल असं बोलत, जणू ती तिथं नाहीच. मुलीला आईची लाज वाटायची. पुढं कॉलेजात एक तरुण भेटला, इतिहासाचा चांगला अभ्यास असलेला. तो म्हणाला की ज्या म्हाताऱ्यांनी इतकी वर्षं मान खाली घालून आपल्याला मागं ठेवलं त्या सगळ्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात स्वतःच्या आईबापापासून करावी लागेल. बटलरांना कळलं की याला माहिती सगळी आहे, पण ते दिवस कसे काढले असतील ते त्याच्या अंगाला लागलेलं नाही. त्या मान खाली घालण्यावरच पोरांचं पोट भरलं होतं. हे त्या तरुणाला भाषण देऊन समजलं नसतं. म्हणून त्यांनी १९७६ मधल्या एका कृष्णवर्णीय तरुणीला, डेनाला, उचलून एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या गुलामांच्या मळ्यावर नेऊन टाकलं, आणि तिच्या गळ्यात एक अवघड काम बांधलं. मळ्याच्या मालकाच्या पोराला जिवंत ठेवायचं, कारण तो तिचाच पूर्वज आहे.

आधी नायक पुरुष होता. लिहिताना लक्षात आलं की आजचा ताठ मानेचा पुरुष तिथं टिकणारच नाही. रीतभात शिकायच्या आतच त्याला मारून टाकतील. बाईला लोक कमी धोक्याची समजतील, तेवढ्यात ती शिकेल. म्हणून नायिका आली. मेरीलँडला त्या बसनं गेल्या. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन पाहिलं, तर तिथले मार्गदर्शक गुलामांचा उल्लेख ‘नोकर’ असा करत होते.

हे सांगून झाल्यावर हॉलमधली चर्चा माझ्या हातातून निसटली, आणि ते बरंच झालं. तासिकावाल्या मॅडमच्या आजोबांनी निजामाच्या काळात देशमुखांच्या गढीवर वेठ केली होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, त्याच्या आधीची गोष्ट. मॅडमना त्यावर लिहायचं होतं, पण आजोबा जाऊन फार वर्षं झाली, घरात कुणी बोलत नाही, कागद नाहीत. त्यांनी आत्मकथनासारखं काहीतरी सुरू करून सोडून दिलं होतं. आता त्या म्हणाल्या, “मीच गेले तर? आजची मी, नेट-सेट झालेली, गढीत?” मग वाद पेटला. एक म्हणाला, बाई कशाला, आजचा शिकलेला दलित पोरगा पाठवा. त्यावर दुसरा, तो पहिल्याच दिवशी पायात चपला घालून मान वर करून समोरून जाईल आणि गोष्ट तिथंच संपेल. बटलरांनी जो पेच सोडवला तोच इथं समोर आला होता, कुणी न सांगता.

मराठवाड्यात भोगलेलं लिहायचं असेल तर आत्मकथन, नाहीतर ग्रामीण कथा, असा रस्ता पडून गेला आहे. तो मोठा रस्ता आहे. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून आणि गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकातून जे लिहिणारे उभे राहिले, त्यांच्यामुळं मराठीची मर्यादाच बदलली. पण त्या रस्त्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार आता संपत चालले आहेत. नातवंडांनी काय करायचं? अद्भुत म्हणजे पोरखेळ, खऱ्या दुःखापासून पळ, असं समजून आपण जे दार लावून घेतलं आहे, बटलर नेमक्या त्यातूनच आईच्या दुःखापर्यंत पोचल्या. ‘किंड्रेड’मध्ये यंत्र नाही, विज्ञान नाही, डेना मागं कशी जाते याचं एका ओळीचं स्पष्टीकरण नाही. अनेक प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं, कारण ते कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळेना. आज त्यांचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक तेच आहे.

पुरस्कार

हे पटकन सांगतो. ह्युगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन मोठे पुरस्कार. १९८४ मध्ये ‘स्पीच साउंड्स’ या कथेला ह्युगो; ‘ब्लडचाइल्ड’ला १९८४चा नेब्युला आणि १९८५चा ह्युगो. १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही मोठ्या रकमेची अमेरिकी पाठ्यवृत्ती, जी तोवर कुठल्याच विज्ञानकथाकाराला मिळाली नव्हती. रक्कम २,९५,००० डॉलर. १९९८च्या ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’ कादंबरीला नेब्युला. २००६ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निधन. २०२१ मध्ये नासानं पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर जिथं उतरलं त्या जागेला त्यांचं नाव दिलं; त्या सुमार सिनेमाचा सूड यापेक्षा चांगला घेता आला नसता.

यातली एक गंमत लक्षात घ्यावी. बटलर मूळच्या कादंबरीकार. कथा त्यांनी मोजक्याच लिहिल्या, कथालेखनाचा त्यांना वैतागच होता. तरी पहिले मोठे पुरस्कार आले ते कथांना. ‘स्पीच साउंड्स’ सुचली ती सिटी बसमध्ये. मरणाला टेकलेल्या एका मैत्रिणीला भेटायला त्या बसनं जात असताना समोर मारामारी झाली, आणि माणसं एकमेकांशी बोलायला कधी शिकणार, असा उद्वेग त्यांच्या मनात आला. त्यातून भाषाच नष्ट झालेल्या जगाची कथा आली, आणि तिची सुरुवात बसमधल्या भांडणानं होते. वाहक ताईंनी हे ऐकून वहीत काहीतरी टिपलं. सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या भांडणांचा त्यांच्याइतका साठा कुणाकडं असणार?

पैशाचं म्हणाल तर मॅकआर्थर येईपर्यंत वयाची अठ्ठेचाळिशी आली होती. पहिल्या कादंबरीला एकोणीस वर्षं होऊन गेली होती. आपलं पुस्तक खूपविक्या पुस्तकांच्या यादीत जाईल असं त्यांनी १९८८ मध्ये वहीत ठणकावून लिहून ठेवलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ आलं ते सप्टेंबर २०२० मध्ये. लेखिका जाऊन चौदा वर्षं झाली होती.

आपण जगून झालेलं भविष्य

हे ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ १९९३चं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आमच्याकडं किल्लारी हादरलं, म्हणून ते वर्ष इथं कुणाला सांगावं लागत नाही. कादंबरी सुरू होते २०२४ मध्ये. कॅलिफोर्नियात पाऊस सहा-सात वर्षांतून एकदा, पाणी पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग, वस्त्यांना भिंती, बाहेर पाणी विकणारे आणि पाण्यासाठी जीव घेणारे. अमेरिकी वाचकाला हे भयंकर भविष्य वाटलं.

लातुरात एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि १२ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी, कलम १४४. आमच्या गटातल्या पोरांचं शाळा-कॉलेजचं वय त्या रांगांत गेलं. म्हणजे ज्याला तिकडं कल्पित म्हणतात त्याचा कच्चा माल आपल्या घागरीत होता. तरी त्यावर आपल्याकडं आल्या त्या बातम्या, कविता आणि अहवाल. २०५० मधलं लातूर कुणी लिहिलं नाही, किंवा लिहिलं असेल तर ते आमच्यापर्यंत पोचलं नाही.

बटलर म्हणत की त्यांनी भाकीत केलंच नव्हतं. समोर दिसतंय ते असंच चालू राहिलं तर काय होईल, एवढंच त्या लिहीत गेल्या. आपल्याकडं हा हिशोब तर शेतकऱ्याच्या पोराला पाठ असतो: बोअर किती फुटांवर गेला, मागच्या साली किती होता, ऊस कुणी लावला, टँकर कुणाचे आहेत. हा हिशोब वीस वर्षं पुढं ओढला की कथेचा आराखडा तयार.

एक अडचण मात्र आहे आणि बटलर तिच्यावर उपाय देत नाहीत. ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’ हा ‘सोअर’चा दुसरा भाग; त्याच्या पुढचा भाग त्यांनी पुन्हा पुन्हा सुरू केला आणि तो कधीच पुढं सरकला नाही. पैसा होता, मान होता, तास होते. रक्तदाब, औषधं आणि एकटेपणाही होता. २००५ मध्ये त्यांनी जरा मोकळं व्हावं म्हणून रक्तपिपासूंची एक कादंबरी लिहिली, ‘फ्लेजलिंग’, आणि तीच शेवटची ठरली. गटातल्या कुणाला हा भाग आवडला नाही. पुरस्कारानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

हे प्रकरण कुणाला आपल्या गटात चालवायचं असेल तर १९७१ वर थांबा आणि सगळ्यांची उत्तरं फळ्यावर लिहून घ्या. ‘किंड्रेड’ला किमान एक तास द्या, पुरस्कारांना दहा मिनिटं पुरे. त्यानंतर प्रत्येकाकडून दोन गोष्टी लिहून घ्या: आठवड्यातले कुठले तास खरोखर तुमचे आहेत, आणि लिहून झालेलं सगळ्यात आधी कोण वाचतं. आमच्याकडं पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी उत्तरं दिली. दुसऱ्याला निम्म्या कागदांवर काहीच नव्हतं, म्हणून आता दर बैठकीचा पहिला अर्धा तास एकमेकांचे खर्डे वाचण्यात जातो, आणि गढीच्या गोष्टीवर अजून भांडणं चालू आहेत.